त्रेचाळिसावा खुंट

१

मर्व्हिन क्विल्टीचा दिवस पावणेसहाला सुरू होई, आणि सहा वाजेपर्यंत त्याने कोणाला ना कोणाला मूर्ख ठरवलेलं असे. बहुतेकदा रेडिओवर हवामान सांगणाऱ्याला. मग चहा, दोन टोस्ट, आणि घराच्या कामाची पिवळी फाईल.

चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. सरकारी बांधकाम खात्यात बसून दुसऱ्यांची अंदाजपत्रकं तपासायची आणि कापायची. त्याच्या लाल पेनाला अख्खा जिल्हा वचकून असे, असं त्याचं मत होतं. जिल्ह्याचं मत वेगळं होतं, पण जिल्ह्याला कोण विचारतो?

आता अंदाजपत्रक त्याच्या स्वतःच्या घराचं होतं. ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो गावातलं लाकडी घर, एकशे दहा वर्षांचं, खुंटांवर उभं, पुढून गुडघाभर आणि मागून पुरुषभर उंच. मे महिन्यात त्याची बायको नोलीन न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळाने स्पष्टच सांगितलं होतं. उंबरा काढा, दारं रुंद करा, पुढे उतार बांधा, डुगडुगणारी जमीन पक्की करा. तेवीस ऑगस्टपर्यंत झालं तर बाई घरी, नाही झालं तर वृद्धाश्रमात जागा राखून ठेवली आहे. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही हे मर्व्हिनला माहीत होतं. नोलीनला त्याच्याहून जास्त माहीत होतं.

"शहाऐंशी हजार डॉलर," कंत्राटदार केरॉड म्हणाला होता, "आणि शेवटची ओळ बघा मर्व्ह. अनपेक्षित कामांसाठी पंधरा टक्के. बाजूला ठेवून द्या. लागले नाहीत तर तुमचेच."

मर्व्हिनने लाल पेन काढून त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि पुढे शून्य लिहिलं.

"अहो, जुनं घर आहे. भिंत उघडल्यावर आत काय निघेल कोणाला ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं राहतोय मी इथे. अनपेक्षित खर्च नावाची वस्तू जगात नसते, बाळा. आळशी माणसाने जे मोजलेलं नसतं त्याचं ते गोंडस नाव आहे."

केरॉडने डोकं खाजवलं आणि सही केली. बिचाऱ्याला त्या आठवड्यात दुसरं काम नव्हतं.

२

घराचे कुजके खुंट काढून नवे घालायला बेव्हन आला. सत्तरीचा, वाळलेला, बोलायला कंजूष. मर्व्हिनने आधीच घराखाली फिरून प्रत्येक खुंटावर खडूने आकडा घातला होता. एक ते बेचाळीस. खुंटामागे सहाशे ऐंशी डॉलर. गणित पहिलीच्या पोराला जमेल असं.

तिसऱ्या दिवशी दहाच्या चहाला बेव्हनने खिशातून जादा कामाची चिठ्ठी काढली. ठरल्याबाहेरचं काही निघालं की अशी चिठ्ठी लिहायची आणि मालकाची सही झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा इथला कायदा.

"त्रेचाळीस," बेव्हन म्हणाला.

"बेचाळीस."

"बेचाळिसांवर खडू आहे. शेवटच्यावर नाही. तो वाळवीने पार खाल्लेला. मी नुसता हात लावला तर भुसा झाला."

मर्व्हिनला हसू आलं. चौतीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते, पण खुंटच वाढवून सांगणारा हा पहिलाच. तो चहा ठेवून घराखाली गेला आणि एकेका खुंटावर थाप मारत मोठ्याने मोजत मागपर्यंत आला. बेचाळीस.

"आणि तो?" बेव्हनने मागच्या बाजूला, आंब्याच्या झाडाकडे बोट केलं.

मर्व्हिनला दिसलं ते आंब्याचं झाड, रिकामं खुराडं, आणि ऊन.

"बेव्हन, तू मला येडा समजतोस की तुलाच कमी दिसतं?"

बेव्हनने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्या बघण्याचाच मर्व्हिनला जास्त राग आला.

"सही नाही तर नवा खुंट नाही," बेव्हन शेवटी म्हणाला. "पण त्या खुंटावरची खोली अधांतरी ठेवून मला घरी झोप यायची नाही. लोखंडी टेकू लावून ठेवतो. तेवीस तारखेला, शुक्रवारी, दुसऱ्या कामावर लागेल तेव्हा नेईन. तोवर विचार कर."

तो टेकू खांद्यावर घेऊन खुंटांमधून मागे गेला. पेच आवळल्याचा कुरकुर आवाज आला. मग तो मोकळ्या हातांनी परत आला. मर्व्हिन बघायला गेला नाही. विदूषकाच्या मागे जाऊन टाळ्या वाजवायची त्याला सवय नव्हती.

३

आठवडाभराने वायरिंग करणारी टीगन आली. तिशीतली, कानात चार-चार बाळ्या. मर्व्हिनने बाळ्या मोजल्या आणि तिथेच तिची किंमत ठरवली.

झोपायच्या प्रत्येक खोलीत धुराचा अलार्म हवा आणि सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, हा नियम. मर्व्हिनच्या हिशेबाने खोल्या तीन आणि बोळात एक, म्हणजे चार अलार्म. टीगनच्या चिठ्ठीवर पाच होते.

"झोपायच्या खोल्या चार आहेत," ती म्हणाली.

"तीन. मी त्यांत झोपतो, बाई."

"एका वेळी तिन्हीत?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून तिने हसू आवरलं. "मागच्या खोलीत दिवाण आहे ना? दिवाण असला की ती झोपायची खोली धरतात. मी काय करू?"

"कुठली मागची खोली?"

"अहो, बोळाच्या टोकाची! चादरींच्या कपाटाच्या पुढची."

चादरींच्या कपाटाच्या पुढे भिंत होती. उभ्या फळ्यांची, फिक्या हिरव्या रंगाची, एकतीस वर्षं तिथेच असलेली. केरॉडने बेव्हनला शिकवलं, बेव्हनने हिला शिकवलं. टोळी आहे, मर्व्हिनने ठरवलं. चिठ्ठी तिच्या समोर दोनदा फाडली.

टीगनने खांदे उडवले. "पाचवा माझ्या पदरचा लावलाय. नाहीतर मला दाखल्यावर सही करता येणार नाही, आणि दाखल्याशिवाय तुमच्या मिसेसना घरी सोडणार नाहीत. त्यांच्यासाठी केलं, तुमच्यासाठी नाही."

ती गेल्यावर मर्व्हिन स्टुलावर चढला आणि बोळातल्या अलार्मचं बटण दाबलं. बोळातला किंचाळला. मग पुढची खोली, मधली खोली, त्यांची स्वतःची खोली. चार.

आणि मग, किंचित उशिरा, भिंतीच्या पलीकडून, पाचवा.

तो जरा दबका होता, बंद दारामागून येतो तसा. मर्व्हिनने बटण सोडलं. सगळे थांबले. पाचवा सर्वांत शेवटी थांबला.

प्रतिध्वनी, तो स्वतःशी म्हणाला. लाकडी घर, रिकामा बोळ, पत्र्याचं छप्पर. प्रतिध्वनी नाही येणार तर काय येणार? त्याने पुन्हा बटण दाबलं नाही. गरज नव्हती, असं त्याने स्वतःला सांगितलं.

४

दुसऱ्या दिवशी न्याहारी टाकून तो टेप घेऊन बसला. घर बाहेरून मोजलं, आतून मोजलं, भिंतींची जाडी धरून बेरीज केली. आकडे तंतोतंत जुळले. सगळीकडचे. बाहेरून खिडक्या नऊ, आतून नऊ. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

केरॉड न्हाणीघराच्या फरशा बसवत होता. मर्व्हिनने त्याला बाहेर ओढून नकाशा पसरायला लावला.

"दाखव. या कागदावर मला चौथी खोली दाखव."

"ही काय," केरॉडने बोळाच्या टोकाला बोट टेकवलं.

"बोट उचल."

केरॉडने बोट उचललं. त्याखाली कोरा कागद होता.

"इथे काय आहे?"

"खोली आहे, मर्व्ह." केरॉडचा आवाज एकदम खाली आला. "तीन मीटर बाय अडीच. तुम्ही... चष्मा कधी बदललात?"

"तुझा बाप बदल!" मर्व्हिन ओरडला आणि तरातरा मागच्या पायऱ्या उतरून घराखाली गेला. एकदाचं ते टेकूचं नाटक उघडं पाडायचं होतं.

टेकू होता. बेचाळिसाव्या खुंटापासून चांगला अडीच मीटर पुढे, उघड्या आकाशाखाली, आंब्याच्या सावलीत एकटाच उभा. खालची लोखंडी पाटी मातीत रुतलेली. वरची पाटी हवेत. तिच्यावर काही नव्हतं. तिच्यावरून आंब्याची डहाळी आणि निळं आकाश दिसत होतं.

मर्व्हिन मोठ्याने हसला. मग त्याने टेकूला खांदा लावून धक्का दिला.

टेकू हलला नाही.

त्याने दोन्ही हातांनी धरून ओढला, पाय रोवून ढकलला. घाम फुटला. ज्याच्यावर काही नाही असा टेकू एका बोटाने पडायला हवा. हा मात्र घराचे खुंट हलत नाहीत तसाच हलत नव्हता. कान लावला तेव्हा लोखंडातून बारीक करकर ऐकू आली, ओझ्याखाली लाकूड करतं तशी.

खूप खोल रोवलाय म्हाताऱ्याने, मर्व्हिन म्हणाला. पुरलाय चांगला मीटरभर. लबाड. मातीत फक्त पाटी टेकलेली दिसत होती, तिकडे त्याने मुद्दाम पुन्हा पाहिलं नाही.

५

इस्पितळात नोलीन खिडकीपाशी बसली होती. रोज दुपारी तो तिला दिवसभरात भेटलेल्या गाढवांची हकीकत सांगे आणि ती हसे. हे त्यांचं लग्नापासून चाललेलं होतं. त्याने बेव्हनचा खुंट सांगितला, टीगनच्या बाळ्या सांगितल्या, केरॉडचं बोट सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"पुरे रे, खुबा दुखतो! पण ऐक मर्व्ह, ती मागची खोली आधी पक्की करून घे हं. सकाळचं ऊन तिथेच येतं. मला इथे सारखी तिचीच आठवण येते."

"कुठली मागची खोली?"

"झालं, आता माझी पाळी वाटतं!" तिने त्याच्या हातावर चापट मारली. "माझी शिवणाची. एकतीस वर्षं शिवतेय मी तिथे."

त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. ती थट्टा करत नव्हती. त्याला तिचं मशीन आठवलं. मशीनचा आवाज म्हणायला हवा. संध्याकाळी तो कामावरून येऊन पेपर उघडे तेव्हा घरात कुठेतरी ते चालू असे. मग थांबे, आणि ती बोळातून येई, झग्याला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. कुठून येई? एकतीस वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं. बायका शिवतात. त्यात बघण्यासारखं काय असतं?

"तू कधी आत आलाच नाहीस म्हणा," नोलीन म्हणाली. अगदी सहज, तक्रार नसल्यासारखी. "दारात उभासुद्धा राहिला नाहीस."

जाताना त्याने नर्सला बाजूला घेऊन सांगितलं की औषधांचं प्रमाण बघा, बाईचं डोकं चळायला लागलंय.

घरी आल्यावर मात्र त्याने मशीन शोधलं. तिन्ही खोल्या, माळा, घराखालची शेड. काळं, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचं मशीन कुठेच नव्हतं. विकलं असेल तिने, त्याने ठरवलं, आणि सांगितलं नसेल. बायका सांगत नाहीत.

६

गुरुवारी इस्पितळाची बाई तपासणीला आली. उतार बघितला, दारं मापली, न्हाणीघरातल्या दांड्यांना लोंबकळून पाहिलं.

"सुरेख झालंय," ती म्हणाली. "आणि त्या मागच्या खोलीत काय प्रकाश आहे हो! नशीबवान आहात." तिने कागदावर शिक्का मारला.

मर्व्हिनने तिला उलट उत्तर दिलं नाही. शिक्का हवा होता.

संध्याकाळी बेव्हनचा फोन आला. "उद्या दहाला टेकू नेतोय, मर्व्ह. सही करून टाक. सकाळी सात वाजता येऊन खुंट घालतो. तासाचं काम. सहाशे ऐंशीचा तर प्रश्न आहे."

प्रश्न सहाशे ऐंशीचा नव्हता. बँकेत पैसे पडून होते. बेव्हनची चिठ्ठी टेबलावर होती, पेन हातात होतं, आणि त्याची बायको उद्या घरी येणार होती. पण सही करायची म्हणजे काय करायचं? या घरात त्याने न मोजलेलं काहीतरी आहे असं लिहून द्यायचं. बेव्हनला, त्या बाळ्यावालीला, त्या डोकं खाजवणाऱ्या पोराला. चौतीस वर्षं ज्यांना कापलं त्या सगळ्यांना.

"नामंजूर," तो म्हणाला.

"मग त्या खोलीत कोणी जाणार नाही असं लिहून दे. माझ्या जिवाला घोर नको."

"आनंदाने!" मर्व्हिन म्हणाला. त्याने फोन कानाशी धरून मोठ्याने वाचत लिहिलं, "या घरातल्या नसलेल्या खोलीत कोणालाही जाऊ देणार नाही, ही जबाबदारी माझी. मर्व्हिन क्विल्टी." खाली झोकात सही ठोकली आणि मनापासून हसला.

बेव्हन हसला नाही. "उद्या घेतो कागद," म्हणाला.

७

शुक्रवारी दहाला बेव्हन आला, कागद वाचून घडी करून खिशात घातला आणि मागे गेला. पेच सैल केल्याचा आवाज आला. त्यानंतर घरात कुठेतरी एक लांबलचक सुस्कारा टाकल्यासारखं झालं. बोळातल्या हिरव्या भिंतीपलीकडे काहीतरी जड वस्तू बोटभर सरकली आणि थांबली.

लाकूड बसतं, मर्व्हिन म्हणाला. नवे खुंट आहेत.

सव्वादहाला इस्पितळाची गाडी आली. नोलीन वॉकर धरून उतारावरून एकेक पाऊल वर आली. टेकू ट्रकमध्ये टाकत असलेल्या बेव्हनला तिने हात केला, त्यानेही टोपी उचलली. उंबरा नसलेलं दार बघून तिचे डोळे भरले. "मला वाटलं होतं, मी परत यायची नाही, मर्व्ह," ती म्हणाली. मर्व्हिनला खूप आनंद झाला होता आणि तो दाखवायची त्याला सवय नव्हती.

"बस तू. चहा टाकतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात किटली ठेवली तोच बोळात वॉकर वाजू लागला. टक, मग पाऊल. टक, मग पाऊल. न्हाणीघर बघत असेल. मर्व्हिन सवयीने मोजू लागला. न्हाणीघराशी सहा. चादरींच्या कपाटाशी अकरा. तिथे बोळ संपतो.

बारा.

तेरा.

कडी उघडल्याचा आवाज आला.

"अगंबाई, किती ऊन आलंय!" नोलीनचा आवाज लांबून आला. "सगळं आहे तसंच ठेवलंस की रे!"

मर्व्हिनने किटली तशीच सोडली. तो धावत बोळात गेला. बोळ रिकामा होता. टोकाला हिरव्या फळ्या होत्या, आणि वॉकरच्या रबरी पायांचे धुळीतले ठसे त्या फळ्यांपर्यंत जाऊन अर्धे कापल्यासारखे संपले होते.

"नोलीन! बाहेर ये!"

"तू ये ना आत. एकदा तरी ये." मग जरा थांबून, हसतच, "इथली जमीन हलतेय का रे? की मीच हलतेय?"

"हलू नकोस! आहेस तिथेच थांब!"

त्याने फळ्यांवर मुठी मारल्या. भरीव आवाज आला. वाकून खाली पाहिलं, आणि तिथे, फळ्यांच्या तळाशी, दाराखाली असते तशी उजेडाची एक फट दिसली. सकाळचं पिवळं ऊन. त्या उन्हात दोऱ्यांचे तुकडे पडलेले होते, आणि वॉकरच्या चार पायांची सावली, आणि तिच्या दोन पायांची. सहाही सावल्या सावकाश एका बाजूला तिरक्या होत होत्या.

सही. चिठ्ठी स्वयंपाकघरात टेबलावर होती. ती आणि पेन उचलून तो उतारावरून धडपडत खाली पळाला. बेव्हन ट्रक सुरू करत होता.

"टेकू उतरव! लाव परत! सही करतो, ही घे!" त्याने ट्रकच्या बॉनेटवर चिठ्ठी दाबून सही केली. पेन कागदातून आरपार गेलं. "त्रेचाळीस! आहे तो, मी पाहिला! मीच मोजला नव्हता!"

बेव्हनने चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली, आणि काळजीने त्याच्याकडे पाहिलं.

"कसला त्रेचाळीस, मर्व्ह? बेचाळीसच आहेत तुझे. तूच मोजलेस ना खडूने? अगदी बरोबर होते." त्याने चिठ्ठी परत दिली. तिच्यावर मर्व्हिनच्या सहीखेरीज काही नव्हतं. "घर मस्त झालंय बघ. नोलीनला कधी आणतोयस?"

मर्व्हिनने उताराकडे पाहिलं. ती आत्ता तिथून वर गेली होती. बेव्हनने तिला टोपी उचलली होती.

तो घराला वळसा घालून मागे गेला आणि आंब्याखाली उभा राहिला. मातीत टेकूच्या पाटीचा चौकोनी खळगा होता. त्याच्यावर फक्त आकाश होतं. त्याने वळून खुंट मोजले, थाप मारत, मोठ्याने, एकही न सोडता. बेचाळीस. कुठेही चूक नव्हती. त्याने नामंजूर केलेलं आता कोणाच्याच मोजणीत उरलं नव्हतं.

"मर्व्ह," वरून, उघड्या हवेतून नोलीनची हाक आली. मघापेक्षा जरा खालून. "चहा झाला का रे? मला धरायला काहीच सापडत नाहीये."

त्याने दोन्ही हात वर केले आणि शून्यात चाचपत राहिला.